दोन केबल जोडल्या, तरी बॅकअप एका केबलपेक्षा हळू

प्रश्न: आमच्या छापखान्यात दोन लिनक्स सर्व्हर आहेत. दोन्हींना एक-एक गिगाबिटच्या दोन केबल, बॉन्डिंग (दोन केबल मिळून एक जोडणी) बॅलन्स-आरआर पद्धतीचं. यूडीपीने (पोच न मागता डेटा पाठवणारी पद्धत) मोजलं की वेग भरघोस. टीसीपीवर (पोच घेत, क्रमाने डेटा पोचवणारी पद्धत) मात्र रात्रीचा बॅकअप सकाळी मशीन सुरू व्हायची वेळ झाली तरी संपत नाही. पिंग स्वच्छ. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) ‘डुप्लिकेट अ‍ॅक’च्या, म्हणजे तीच पोच पुन्हा आल्याच्या, काळ्या ओळीच ओळी. केबल बदलून झाल्या. आता कुठे बघू?

उत्तर: केबलचा दोष नाही. बॅलन्स-आरआर एकाच कनेक्शनची पॅकेट (डेटाचे तुकडे) आळीपाळीने दोन्ही केबलवर टाकतं, त्यामुळे मागचं पॅकेट आधी पोचतं. तेच अ‍ॅक ३ वेळा पुन्हा आलं की पाठवणारा पॅकेट हरवलं असं धरतो, ते परत पाठवतो आणि वेग आवरता घेतो. बॉन्डिंगची ८०२.३एडी पद्धत लावा, हॅश (कुठलं कनेक्शन कुठल्या केबलवर हे ठरवणारं गणित) लेयर ३+४, म्हणजे आयपी पत्ता आणि पोर्टवरून. स्विचवरही एलएसीपी (केबल एकत्र बांधायचा ८०२.३एडीचा प्रोटोकॉल) हवंच.

दुसरं उत्तर: त्याआधी एक केबल काढून मोजा. वेग वाढला तर निदान पक्कं.

प्रश्नकर्ता: काढली आणि वेग लगेच चढला! पण ८०२.३एडीत एकट्या बॅकअपला दोन्ही केबल मिळतील?

उत्तर: नाही, एका कनेक्शनला एकच. बॅकअप समांतर कनेक्शनांत वाटा. मग हॅश त्यांना दोन्हींवर पसरवू शकेल.