जुनी दोन सीटची गाडी घ्यायची आहे: आधीचा मालक कसा ओळखावा?

चौथा_गिअर

नमस्कार मंडळी. वय ५४, मुक्काम कोथरूड. चाकणच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे सुटे भाग तपासले, आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. छप्पर उघडणारी, दोनच सीटची गाडी एकदा तरी दारात असावी ही इच्छा कॉलेजपासूनची. बजेट तीस लाखांच्या आत, म्हणजे वापरलेलीच. मनात बीएमडब्ल्यूची झेड-फोर आहे (२००९ नंतरची, पत्र्याच्या छपराची घडी होणारी), मर्सिडीजची एसएलके आहे, आणि नशीब फारच फळफळलं तर पोर्शे बॉक्स्टर.

गाड्यांबद्दल वाचून झालंय. माझी अडचण माणसांची आहे. दोन महिन्यांत पाच गाड्या बघितल्या आणि पाचही मालक निरनिराळ्या जातकुळीचे निघाले. एकाला बॉनेट कुठून उघडतं तेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याने चहा पाजून दीड तास सस्पेन्शनवर व्याख्यान दिलं, गाडी मात्र दाखवली नाही, "मूड नाही आज" म्हणाला. तिसऱ्याची गाडी मुलाच्या नावावर, हप्ते वडिलांच्या खात्यातून आणि विकायची घाई आईला.

तर कोणत्या प्रकारच्या मालकाकडून घ्यावी आणि कोणाला लांबून नमस्कार करावा? जाता जाता सौ.चाही प्रश्न: "असल्या गाड्या नक्की कसली माणसं घेतात हो?" मला उत्तर देता आलं नाही.

पेठेतला_पाहुणा

कोथरूडमध्ये स्पोर्ट्‌स कार? संध्याकाळी सात वाजता पौड रोडला तिसरा गिअर पडला तर फोटो टाका, फ्रेम करून लावू.

दहा_बाराचा_पाना

काका, वारज्यात माझं गॅरेज आहे. जर्मन गाड्या जास्त येतात. गाडी लिफ्टवर घेतली की मालक कसा आहे ते खालून दिसतं, त्याने तोंड उघडायची गरज पडत नाही. सविस्तर लिहितो, आज पाऊस आहे आणि काम कमी.

सगळ्यात जास्त गाड्या येतात त्या झाकणवाल्यांच्या. गाडी वर्षभर कव्हरखाली. शनिवारी वॉचमन किंवा ड्रायव्हर दहा मिनिटं चालू करून बंद करतो. मालक तिला विकतही नाही आणि चालवतही नाही. जाहिरातीत लिहिलेलं असतं "फक्त ९,००० किमी, शोरूम कंडिशन" आणि तुमच्यासारखी माणसं तिथेच फसतात. उभ्या गाडीचं जास्त वाटोळं होतं. बॅटरी मेलेली, दारांची रबरं कडक झालेली, टायरवर नक्षी पूर्ण पण रबर दगडासारखं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ते वाचा. २२१३ म्हणजे २०१३ सालचा बाविसावा आठवडा. त्या टायरवर पावसात ताम्हिणी घाट उतरायचा म्हणजे घरी आधी सांगून निघायचं. आणि ते दहा मिनिटं चालू ठेवणं त्याहून वाईट. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ ऑइलमध्येच राहते. अशा माणसाकडून गाडी घ्यायला हरकत नाही, मात्र टायर, बॅटरी, सगळी तेलं आणि बेल्ट यांचा खर्च किमतीतून कापून मगच.

दुसरे रविवारवाले. पहाटे साडेपाचला चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, नऊच्या आत घरी, दहा वाजता देवपूजेला हजर. यांच्याकडे सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल असते, टायरमधली हवा स्वतः मोजतात. काका, घ्यायची तर यांच्याकडून. किंमत मात्र सोडत नाहीत, कारण मनातून विकायची नसते. तुम्हाला दीड तास व्याख्यान देणारा याच जातीतला असणार. परत जा त्याच्याकडे.

तिसरे आयटीवाले. पगार चांगला, वेळ नाही. ऑक्टेव्हिया आरएस, पोलो, मिनी असलं काहीतरी घेतात आणि तिसऱ्याच महिन्यात लॅपटॉप लावून इंजिनची ताकद वाढवून आणतात. "स्टेज वन" म्हणतात त्याला. गाडी विकायच्या आधी पुन्हा मूळ प्रोग्रॅम टाकतात, पण क्लच आणि गिअरबॉक्सला जे सोसावं लागलं ते कुठे पुसलं जातंय? मूळचा सायलेन्सर गाडीबरोबर खोक्यात मिळाला तर समजून जा.

चौथे आवाजवाले. एफसी रोड, रात्री अकरा, पहिल्याच गिअरमध्ये फटाके. यांच्यावर काय लिहायचं. पुढे.

आता गुंठामंत्री. सगळे हसतात त्यांना, पण माझा अनुभव वेगळा आहे. बाणेर, वाकड, हिंजवडीकडची जमीन गेली आणि पैसा आला, तरी थोरल्याला मोठी उंच गाडीच लागते. वस्तीवर न्यायची असते, चार माणसं बसवायची असतात. स्पोर्ट्‌स कार घेतो तो धाकटा. त्यातला एक माझा गिऱ्हाईक आहे, मस्टँगवाला. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन. लोकांना वाटतं पोरगा उधळ्या. पण तो लहानपणापासून ट्रॅक्टर चालवत आलाय, त्यामुळे मशीनला काय दुखतंय ते त्याला कानाने कळतं. ऑइल वेळेवर बदलतो, गाडी थंड असताना कधी ताणत नाही. उलट कर्वे रोडचे एक गृहस्थ, बोलायला अत्यंत सुसंस्कृत, टर्बोची गाडी घाटातून आणून धाडकन बंद करतात, तापलेला टर्बो थंडही होऊ देत नाहीत. मी तीनदा सांगितलं. आता सांगत नाही, बिल देतो.

शेवटचे कॅम्पातले एक आजोबा. ब्रिटिश बनावटीची उघडी गाडी, माझ्यापेक्षा वयाने मोठी. दर वेळी स्वतःची हत्यारपेटी घेऊन येतात, मला फक्त जॅक मागतात. ती गाडी विकत मिळणार नाही, विचारूही नका.

टेकडीवरचा

पानावाल्यांचा प्रतिसाद छापून गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवावा असा.

मी वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये (गाड्यांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था) नोकरी केली, तेव्हा थोडं तांत्रिक. पोर्शेचा मालक हा प्राणी समजून घ्यायचा तर ९११ समजून घ्यावी लागते. १९६३ साली फ्रँकफर्टला ती दाखवली तेव्हा नाव ९०१ होतं. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला म्हणून ९११ झाली. इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शेपूट पुढे यायला बघते. हा दोष म्हणून ती कल्पना सोडून देता आली असती, पण कंपनी साठ वर्षं तोच दोष घासूनपुसून गुण करत बसली. पोर्शेवाले लोकही तसेच असतात, हट्टी. हट्टी माणूस गाडीची निगा चांगली राखतो.

बॉक्स्टरमध्ये इंजिन मधोमध, म्हणून ती जास्त आज्ञाधारक. मात्र २००८ पर्यंतची घेणार असाल तर इंजिनातलं एक बेअरिंग (आयएमएस) बदललंय का ते लेखी विचारा. ते गेलं की इंजिनच गेलं, मधली पायरी नाही. झेड-फोरमध्ये जोड-टर्बोचं सहा सिलिंडरचं इंजिन असेल तर जास्त दाबाचा इंधन पंप आणि इंजेक्टर यांच्या पावत्या बघा.

अवांतर: या शहराला हे वेड जुनं आहे. सायरस पूनावाला यांनी तरुणपणी, सीरम (१९६६) सुरू करायच्या आधी, जग्वार डी-टाइपच्या धर्तीवर स्वतः एक स्पोर्ट्‌स कार बनवून पाहिली होती. गाडीचा धंदा परवडणार नाही हे लक्षात आलं आणि मग लस. म्हणजे स्पोर्ट्‌स कारवाल्यांत न घेता बनवणारा हाही एक प्रकार धरा.

कल्याणीनगर_गल्ली_५

गप्पा छान चालल्या आहेत, पण एक प्रकार सगळ्यांनी टाळला. १९ मे २०२४ ची रात्र मी राहते त्या भागातली आहे. गाडी पोर्शेची टायकान, नोंदणी नसलेली, चालवणारा सतरा वर्षांचा, आणि मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनीअर गेले. जामिनाच्या अटीतला तो तीनशे शब्दांचा निबंध त्यानंतरचा. तेव्हापासून बुटक्या गाडीचा आवाज आला की आमच्याकडे लोक खिडकीत येतात, कौतुकाने नव्हे. चौथा_गिअर, तुमच्या सौ.ना असली माणसं म्हणजे हीच माणसं वाटत असतील तर त्यांचं काही चुकत नाही.

चौथा_गिअर

नाही चुकत. मुलीनेही फोनवर पहिलं हेच विचारलं. गाडी मी सोडून कोणी चालवणार नाही आणि किल्ली देवघराच्या खणात राहील, एवढं घरात ठरलं आहे.

पीयूसी_संपलेला

कागदांचं कोणी बोलत नाही म्हणून मी. पीवाय (पुदुच्चेरी) किंवा दुसऱ्या राज्याच्या पाटीची गाडी स्वस्त दिसते. आपल्याकडे आयात गाडीवर किमतीच्या २० टक्के एकरकमी कर, तो वाचवायला लोक बाहेर नोंदणी करतात. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो, आणि मग कर तुमच्या खिशातून. एमएच-१२ (पुणे) किंवा १४ (पिंपरी-चिंचवड) च बघा. कर्जाचा बोजा उतरल्याचं पत्र हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. "उद्या मिळेल" म्हणणारा हासुद्धा एक स्वतंत्र प्रकार आहे.

मुळशीची_सर

दादा, मी बाई आहे, ४१ वर्षांची, डॉक्टर, आणि रविवारवाली. वरच्या यादीत सगळे पुरुषच दिसले म्हणून लिहिते. पेट्रोल पंपावर मला अजून विचारतात, "साहेबांची गाडी का?"

माझ्याकडे फियाटची अबार्थ पुंटो आहे. २०१५ ला आली, रांजणगावला बनली, म्हणजे आपल्या जिल्ह्यातली. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दिसायला साधी हॅचबॅक, कोणी वळून बघत नाही आणि मला तेच आवडतं. स्टिअरिंग असं की रस्त्यावरचा खडाही हाताला कळतो. छप्पर उघडत नाही, मान्य. पण पाठीमागे दळणाचा डबा राहतो, आणि तुमच्या बजेटच्या पाव भागात येईल. उरलेल्यात दहा वर्षांचं पेट्रोल. वाईट बाजू: कंपनीने इथे गाड्या विकणं थांबवलं, त्यामुळे काही भागांसाठी वाट बघावी लागते. माझा एक आरसा सात आठवड्यांनी आला. तोवर बस दिसली की मी देवाचं नाव घेत होते.

तुम्हाला नक्की काय हवंय ते आधी ठरवा. गाडी चालवायची आहे की त्या गाडीत बसलेलं दिसायचं आहे? दुसरं हवं असेल तरी लाजू नका, फक्त मग इंजिनाची चर्चा कशाला.

पेठेतला_पाहुणा

ताई +१. काका, छप्पर उघडं ठेवून कर्वे रोडवरून जाऊन बघा एकदा. पीएमपीएमएलच्या बसच्या सायलेन्सरची आणि तुमच्या नाकाची उंची सारखी येईल.

चौथा_गिअर

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व.

पानावाल्यांना सोबत घेऊन औंधमध्ये एक झेड-फोर बघितली. ११,००० किमी. टायरवर आकडे २२१३ नाही, पण फार लांबचेही नाहीत. मालक अगदी पहिल्या प्रकारातले, झाकणवाले. कव्हर काढताना त्यांचा हात इतका हळू चालत होता की मलाच अपराधी वाटलं. बॅटरी मेलेली, दुसऱ्या गाडीवरून वायर लावून चालू केली. छप्पर तीनदा उघडझाप केलं, वीस सेकंदांत मुकाट्याने घडी होतं, त्यात खोट नाही. मी त्यांना विचारलं, चालवत का नाही? म्हणाले, "पहिल्या आठवड्यात कोणीतरी चावीने ओरखडा काढला, तेव्हापासून बाहेर न्यायची हिंमत झाली नाही." दहा वर्षं झाली त्याला. ओरखडा अजून तसाच आहे, त्यांनी बोट ठेवून दाखवला.

चाचणीला गाडी आमच्या सोसायटीपर्यंत आणली. फाटकातल्या स्पीडब्रेकरवर पोट घासलं. आवाज तिसऱ्या मजल्यावर गेला, कारण कुलकर्णी काका गॅलरीत आले. मग मी मोजपट्टी आणि एक फळी घेऊन मोजमाप केलं: पुढचं एक चाक तिरकं चढवलं तर दोन बोटं सुटतात, सरळ नेली तर नाही. सेक्रेटरींकडे अर्ज दिला आहे. ते म्हणाले, स्पीडब्रेकर तुमच्यासारख्यांसाठीच बसवलाय.

सौ. आत बसल्या. सीट आवडली. डिकी उघडून बघितली: छप्पर बंद असताना ३१० लिटर, उघडलं की त्याची घडी तिथेच येऊन बसते आणि उरते १८०. त्या म्हणाल्या, "म्हणजे छप्पर उघडलं की मंडई बंद." यावर बीएमडब्ल्यूकडे उत्तर नाही.

पानावाल्यांचा हिशोब: टायर, बॅटरी, तेलं, रबरं मिळून किमतीतून जे कापायला हवं ते मालक कापायला तयार नाहीत. त्यांना ती गाडी अजून २०१३ चीच वाटते. टोकन दिलेलं नाही. व्याख्यानवाल्या गृहस्थांनाही फोन केला, त्यांनी याही वेळी गाडी दाखवली नाही, पण ब्रेकच्या तेलावर पाऊण तास सांगितलं. सगळं खरं निघालं, पानावाल्यांना विचारून खात्री केली.

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने झोप उडवली आहे. येत्या रविवारी तुमची पुंटो पिरंगुटपर्यंत चालवायला मिळेल का? सौ. पण येतो म्हणतात, मागे बसतील. सोसायटीचा अंदाज यावा म्हणून फळी आणि मोजपट्टी बरोबर आणू का?

मुळशीची_सर

साडेपाच, चांदणी चौक, बावधनच्या बाजूला. फळी घरीच ठेवा. टाकी भरून द्या.