मोबाईलची बॅटरी आणि मागे चालू राहणारी अ‍ॅप्स : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमच्याकडे जे झालं त्यानंतर हा विषय काढायचाच असं ठरवलं होतं. बाबा नाशिकला पंचवटीत राहतात, वय ७२, मी इंदिरानगरला. त्यांची रोजची तक्रार एकच, सकाळी फुल्ल चार्ज केलेला फोन रामकुंडावर जाऊन, देवदर्शन करून जेवायला घरी येईपर्यंत ३० टक्क्यांवर. मग मीच त्यांना शिकवलं की काम झालं की सगळी अ‍ॅप वर सरकवून टाकायची, बॅटरी सेव्हर कायमचा लावून दिला आणि यादीत दिसेल त्या प्रत्येक अ‍ॅपला रिस्ट्रिक्टेड, म्हणजे मागे चालायला बंदी, करून टाकलं. फोन संध्याकाळपर्यंत टिकायला लागला, बाबा एकदम खूश.

पाचव्या दिवशी गेले तर टेबलावर बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप. वाराप्रमाणे घेतात ते, तर सोमवारची फुटलेली आणि मंगळ, बुध, गुरू तिन्ही तशाच, फुगलेल्या. बाबा म्हणाले, अगं वाजलंच नाही गं, मला वाटलं घेतली असणार. गोळीची आठवण करून देणारं अ‍ॅपसुद्धा मी त्याच यादीत बंद करून बसले होते. बीपी मोजला तेव्हा माझे हात थरथरत होते. सुदैवाने निभावलं, पण त्या तीन गोळ्या डोळ्यासमोरून जात नाहीत.

मग नीट समजून घेतलं. आपण उघडलेल्या अ‍ॅपची ती जी कार्डं वर सरकवतो ना, ती अ‍ॅप बहुतेक वेळा चालू नसतातच, नुसती मेमरीत पडून असतात, तेवढ्याने बॅटरी जात नाही. उलट पुन्हा उघडलं की फोनला ते पहिल्यापासून लोड करावं लागतं. २०१६ मध्ये गुगलच्या अँड्रॉइडचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर आणि अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिघी दोघांनीही सांगितलं होतं की असं बंद करून बॅटरी वाचत नाही. अँड्रॉइड ६ मध्ये म्हणजे २०१५ ला 'डोझ' नावाची बॅटरी वाचवायची सोय आली, फोन हलला नाही, स्क्रीन बंद आणि चार्जरला नसला की मागची कामं तोच थोपवून धरतो, आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये खिशात हलत असला तरी थोडंफार तसं करायला लागला. मग खातं कोण? तर एखाददुसरंच अ‍ॅप. ते शोधायचं. तुम्ही कसं शोधलं, काय बदललं, कुठे फसलात ते सविस्तर लिहा.

*गंगापूर रोड, डिलिव्हरीचं काम*

ताई माझा फोन म्हणजे माझी भाकरी आहे, सकाळी ११ ते रात्री ११ गाडीच्या होल्डरला लावलेला, जीपीएस चालू, स्क्रीन चालू, त्यामुळे कामाचं अ‍ॅप बॅटरी खाणारच त्याला इलाज नाही हे मी धरूनच चाललेलो, पण मे महिन्यात दुपारी ३ लाच बंद पडायला लागला आणि हातातली ऑर्डर तशीच, कस्टमरला फोन करता येईना. मग एका मित्राने सेटिंगमध्ये बॅटरी वापर उघडून दाखवला. एक शॉपिंगचं अ‍ॅप, जे मी दिवाळीला एकदा उघडलेलं, ते स्क्रीनवर ० मिनिटं आणि मागे ६ तास! लोकेशनची परवानगी त्याला 'नेहमी' अशी दिलेली. ती काढली आणि अशी अजून ४ अ‍ॅप निघाली, सगळ्यांना 'वापरताना फक्त' करून टाकलं. आता ५-६ वाजतात चार्जर लावायला. दुसरं म्हणजे ऊन. उन्हात फोन इतका तापतो की हात लावू देत नाही आणि आम्ही तसाच गाडीवर चार्जिंगला लावतो. हे करू नका भावांनो, बॅटरी कायमची कमजोर होते. मी आता दुपारी सावलीत थांबलो की कव्हर काढून ठेवतो, थोडा गार होऊ देतो, मग चार्जिंग.

*पिंपळगाव बसवंत, द्राक्षबाग*

आमचं उलटं आहे. मोटरच्या स्टार्टरचं अ‍ॅप आहे, लाईट आली गेली की मेसेज येतो, रात्रपाळीची लाईट असते तेव्हा त्याच्यावरच सगळी भिस्त. नवीन फोन घेतला तर त्याने दोन दिवसांत आपोआपच ते अ‍ॅप झोपवून टाकलं. मोटर बंद पडलेली मला सकाळी मळ्यात गेल्यावर कळली, नळ्या कोरड्या, आणि गोडी छाटणीनंतरचे दिवस. तेव्हापासून ते अ‍ॅप आणि हवामानाचं अ‍ॅप अनरिस्ट्रिक्टेड, म्हणजे मागे चालायला पूर्ण मोकळीक. बाकी सगळी झोपली तरी चालतील. ज्याचा निरोप वेळेवर लागतो त्याला हात लावायचा नाही.

आणि मळ्यात बॅटरी अ‍ॅपमुळे नाही, रेंजमुळे जाते हे माझं ठाम मत आहे. एक काडी ५जी येते, जाते, परत ४जी, फोन दिवसभर टॉवरच शोधत बसतो. नेटवर्क सेटिंगमध्ये फक्त ४जी करून ठेवलं. आधी दुपारी ४ ला २० टक्के असायचा, आता रात्री जेवताना ४०.

*नाशिकरोड, मुंबईची नोकरी*

पिंपळगावच्या दादांना शंभर टक्के दुजोरा. मी पंचवटी एक्स्प्रेसचा पासधारक. इगतपुरी सोडली की कसारा उतरेपर्यंत बोगदे, रेंज येतजात राहते आणि त्या अर्ध्यापाऊण तासात फोन गरम होऊन ८-१० टक्के सहज जायचे, हातही न लावता. आता इगतपुरीला फ्लाईट मोड, कसाऱ्याला काढतो. गाणी आदल्या रात्री वायफायवर उतरवलेली असतात. घरच्यांना सांगून ठेवलंय की त्या वेळात फोन लागणार नाही.

*कॉलेज रोड*

आयफोन आहे. सेटिंग्ज, जनरल, बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश. मेसेज आणि मॅप सोडून सगळं ऑफ. फरक पडला, फार नाही. लो पॉवर मोड क्लासला निघतानाच लावते, २० टक्क्यांची वाट बघत नाही, त्याने जास्त फरक पडला.

*एमजी रोड, मोबाईल रिपेअरिंग*

दुकानात रोज हीच तक्रार येते म्हणून लिहितो. दहातल्या निम्म्या फोनमध्ये बॅटरी वाचवणारं किंवा कचरा साफ करणारं एखादं अ‍ॅप टाकलेलं असतं, परवा एका मावशींच्या फोनमध्ये तीन निघाली. तीच मागे सतत चालतात, जाहिराती आणतात, बाकीच्यांना मारतात, ती परत उठतात, हे पुन्हा मारतात. पहिली ती काढा. फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये सगळं दिलेलं आहे.

दुसरं, बॅटरीचंही वय असतं. ३-४ वर्षं वापरलेली बॅटरी कितीही अ‍ॅप बंद करा, पहिल्यासारखी टिकणार नाही. ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल तर अ‍ॅपला दोष देऊ नका. आणि मागचं झाकण जरा जरी उचललेलं दिसलं, टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगला, तर चार्जिंगला लावूच नका, बॅटरी फुगलेली आहे, सरळ बदलायला न्या. इंदिरानगरच्या ताई, बाबांचा फोन किती जुना?

*इंदिरानगर*

दादा, चार वर्षं होतील दिवाळीला. आत्ता फोन करून विचारलं, झाकण व्यवस्थित आहे म्हणाले, पण ३५ वरून एकदा बंद पडला होता, ते त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. शनिवारी बाबांना घेऊन दुकानात येते.

डिलिव्हरीवाल्या भाऊंनी सांगितलं तशी बाबांची यादी कालच बघितली. दिवसभराचं भजनांचं एक अ‍ॅप निघालं, इअरफोन काढून ठेवले तरी ते आत वाजतच राहायचं, आवाज बंद म्हणून कळत नव्हतं. ते कसं थांबवायचं ते दाखवलं. बॅटरी सेव्हर काढला, गोळीचं अ‍ॅप अनरिस्ट्रिक्टेड केलं, आणि फोनवर भरवसा नको म्हणून मीही रोज सकाळी ८ ला फोन करते. आज ८ ला केला तर म्हणाले, घेतली गं, आत्ताच वाजलं.