अनुभव धागा: गिऱ्हाइकाला सांगितलेली खरी गोष्ट

भाव, मुदत, नमुना तर सगळेच दाखवतात. पण एखादी गोष्ट सांगितल्यावर समोरच्याचा विश्वास बसला, असं तुमच्या धंद्यात घडलंय का? नेमकं काय सांगितलं, ते लिहा. प्रसंग हवा, सुविचार नकोत. सुरुवात मी करतो.

भोसरीत माझा छोटा सीएनसी शेड आहे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनांवर धातूचे सुटे भाग बनवतो. 2017 साली आमचा अख्खा लॉट परत आला. बोअर, म्हणजे नगातलं भोक, लहान; पिन जाईना. आमच्या तपासणीत मात्र प्रत्येक नग पास! रात्री उलगडा झाला: प्लग गेजची (भोक तपासायच्या दांडीची) ‘गो’ बाजू, म्हणजे बरोबर मापाच्या भोकात जायलाच हवी ती, वापरून वापरून झिजली होती, त्यामुळे लहान भोकातही ती सुळकन जायची. सगळा माल पुन्हा करून दिला, पदरच्या खर्चाने. पुढच्या वर्षी एका नव्या कंपनीचे परचेसवाले शेड बघायला आले. मशिनांची यादी वाचण्याऐवजी मी ते झिजलेलं गेज ड्रॉवरमधून काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि झालेलं सगळं सांगितलं. ते बोटांत फिरवत त्यांनी एवढंच विचारलं, “आता कॅलिब्रेशन कधी करता?” मी गेजची मापं कधी तपासली त्याचा भिंतीवरचा तक्ता दाखवला. तो तक्ता नसता तर गोष्ट माझ्यावरच उलटली असती. ऑर्डर छोटी मिळाली, पण मिळाली.

येवल्याहून:
आमच्याकडे हातमागावर पैठणी विणतात. किंमत ऐकली की बाहेरगावच्या दुकानदारांच्या कपाळावर आठ्या. मग मी बोलत नाही, त्यांना मागापाशी बसवते. पदराला प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी वेगळी. मोराच्या मानेत एक तार चुकली की तेवढं उसवायचं. माझ्या सासूबाईंचे डोळे त्यातच अधू झाले, तेही सांगते. शेवटी पदर उलटा करून हातात देते: मागून-पुढून नक्षी तीच, लोंबते धागे नाहीत. नाशिकच्या एक दुकानदार ताई आता स्वतःच गिऱ्हाइकापुढे पदर उलटा करतात.

डोंबिवलीहून:
माझा अनुभव कडू आहे, तरी लिहिते. घरगुती गोड्या मसाल्याच्या पाकिटावर मी “पणजीच्या हातची चव” छापलं होतं. दादरच्या एका दुकानातल्या काकांनी सहज विचारलं, “पणजी कुठल्या? दगडफूल भाजून घालायच्या का?” मला उत्तर देता येईना, कारण मसाला मी शिकले ते चाळीतल्या शेजारच्या काकूंकडून. घरी येऊन उरलेली सगळी लेबलं फाडली. पुढच्या खेपेला काकांना खरं ते सांगितलं: खोबरं भाजताना काकू माझं मनगट धरून थांबवायच्या, “अजून नाही, रंग येऊ दे.” काकांनी पाकीट उघडून वास घेतला आणि दोन किलो ठेवून घेतला.

देवगडहून:
थोडक्यात लिहितो, हंगाम चालू आहे. हापूसमधला साका, म्हणजे गरातला दोष, बाहेरून ओळखता येत नाही, कापल्यावरच पांढरा गर दिसतो. पेटी देतानाच हे सांगतो. काढलेला आंबा आम्ही तापल्या कातळावर न ठेवता लगेच सावलीत का नेतो, तेही सांगतो. साका निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देऊ. पुण्याच्या एका सोसायटीने पहिल्या वर्षी भीतभीत 4 पेट्या घेतल्या. आता जानेवारीतच त्यांचा फोन येतो, “दादा, यंदा मोहोर कसा आहे?”