मदत हवी आहे: मालदीवला डायव्हिंगला बोट की रिसॉर्ट?

नमस्कार मंडळी, बेळगावात टिळकवाडीत असतो, नेत्राणीला मुरुडेश्वरातनं आणि मालवणला डायव्हिंग झालंय, आता मी आणि मिसेस फेब्रुवारीत बेंगळूरहून मालेला जायचं बघायलोय पण लिव्हअबोर्ड (म्हणजे राहून डाइव्ह करायची बोट) घ्यावी का रिसॉर्टवर राहावं हेच ठरेना झालंय.

बोटीवर दिवसाला तीन-चार डाइव्ह, राहणं-जेवण त्यातच, आणि दिवसा डाइव्हच्या मधे बोट पुढच्या अटॉलकडे (प्रवाळबेटांच्या गटाकडे) सरकती म्हणजे रोज नवी जागा. दक्षिण आरी अटॉलला व्हेल शार्क वर्षभर दिसतात म्हणे, ते मुख्य आकर्षण. पण माझं फक्त ओपन वॉटर (पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट) आहे, म्हणजे १८ मीटरपर्यंत, आणि तिकडच्या चॅनलमधे करंट जोराचा, बऱ्याच बोटी ॲडव्हान्स्ड (पुढच्या पायरीचं) मागतात. मग आधी इथंच कोर्स उरकू का?

दुसरं म्हणजे मिसेस डाइव्ह करत नाही, स्नॉर्केलिंगपुरतीच, शिवाय तिला बोट लागती (आंबोली घाटात गाडी लागणारी बाई ती!). रिसॉर्टवर ती निवांत राहील, पण तिथं प्रत्येक डाइव्हचे पैसे वेगळे आणि स्पीडबोट नाहीतर सी-प्लेनचा खर्च आणखी वर. दक्षिण आरीतल्या धिगुरासारख्या गाव असलेल्या बेटावर गेस्टहाउस घेऊन स्थानिक सेंटरबरोबर डाइव्ह केलं तर जमतंय का? मला तरी तेच बरं वाटायलंय.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी निदान १८ तास सोडायचे हे माहीत आहे. कुणी बायकोला घेऊन बोटीवर गेलं असेल तर खरं काय ते सांगा, फोटो नकोत.