सांगलीत आपला आपणच चालवायचा आधारगट सुरू करायचाय, कसं करावं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी खूप उसळतं, कधी अगदी खचतं तो आजार, निदान होऊन बरीच वर्षं झाली, लिथियमच्या गोळ्यांवर आहे, तब्येत आता स्थिर आहे, नोकरी चालू आहे. डॉक्टर चांगले आहेत, तक्रार काहीच नाही, पण ओपीडीत बाहेर एवढी गर्दी असते की झोप कशी आहे, गोळ्या चालू आहेत ना, रक्ताचा रिपोर्ट दाखवा, एवढ्यात नंबर संपतो. आणि आजारातनं उठल्यावर पुढे जे असतं ना, म्हणजे रजेवरून परत ऑफिसला गेल्यावर काय सांगायचं, स्थळ आलं तर कधी सांगायचं, जरा मोठ्यानं हसलं की घरचे लगेच "गोळी घेतलीस ना गं" विचारतात तेव्हा कसं वागायचं, हे कुणाशी बोलणार? मैत्रिणींना कळत नाही, घरच्यांना भीती वाटते.

ओपीडीबाहेरच्या बाकावर नंबर लागेपर्यंत बसून बसून आम्हा चारपाच जणांची ओळख झालीय. कुणाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा आजार), कुणाला डिप्रेशन, एकाला ओसीडी (तेच तेच विचार येतात, तीच कृती परत परत करावीशी वाटते तो). बाकावर जे बोलणं होतं त्यानं मला खरंच बळ येतं. २०१९ च्या पुरात आमच्यातल्या दोघांच्या गोळ्यांत खंड पडला, दुकानं पाण्यात, रस्ते बंद, आणि नंतर दोघंही बरेच आजारी पडले. तेव्हा एकमेकांचे नंबर असते तर कुणाकडून तरी कळलं असतं की गोळ्या कुठं मिळतायत. तेव्हापासून डोक्यात आहे की हे नीट सुरू करूया, ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, आणि चालवायचं आपणच, डॉक्टरांनी किंवा संस्थेनं नाही. पुण्यात असे गट आहेत पण सांगलीहून जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. तर ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा, सुरुवात कशी करायची, घरच्यांना घ्यायचं का, औषधांवर बोलू द्यायचं का, आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती म्हणजे मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की मला जगायचं नाही, तर आपण काय करायचं?

सिंहगड_रोड
ताई, सुरू करा. चार माणसं आहेत म्हणजे गट आहेच, आता फक्त वार आणि वेळ ठरवायचीय.

मी स्किझोफ्रेनियाचा शुभार्थी (आमच्याकडं आजार असलेल्याला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्या घरच्यांना शुभंकर), पुण्यात बरीच वर्षं गटात जातो. इथे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, १९९७ मध्ये डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केली, ते कॅनडात प्राध्यापक होते, त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता, म्हणजे ती संस्थाच मुळात घरात आजार बघितलेल्या माणसानं उभी केली. धायरीला त्यांचं पुनर्वसन केंद्र आहे. सुरू करायच्या आधी एकदा या, बघा, मग तुमच्या पद्धतीनं करा.

आता आमच्या गटातनं मी काय शिकलो ते लिहितो. पहिली गोष्ट, गटात सल्ला द्यायचा नाही, अनुभव सांगायचा. "तू असं कर" म्हटलं की समोरचा गप्प होतो, कारण आजारी पडल्यापासून तो हेच ऐकतोय, आईकडून, मामाकडून, शेजारच्या काकूंकडून, व्यायाम कर, देवाचं कर, मन घट्ट कर. "माझं असं झालं तेव्हा मी असं केलं" म्हटलं की तो मान वर करून बघतो. मला आवाज ऐकू यायचे, अजूनही कधीकधी येतात, आणि हे मी पहिल्यांदा गटात मोठ्यानं बोललो तेव्हा कुणी दचकलं नाही, उलट शेजारच्यानं विचारलं, तुझे आवाज बाईचे की माणसाचे, दिवसा जास्त येतात की रात्री. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. नंतर कळलं की नेदरलँड्समध्ये १९८७ च्या सुमारास मारिउस रोम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं आपल्या एका पेशंटच्याच आग्रहामुळे आवाज ऐकणाऱ्यांना एकत्र आणलं आणि तिथनं जगभर असे गट झाले, जिथं आवाज खरे का खोटे यावर वाद घालत बसत नाहीत, त्यांच्याबरोबर दिवस कसा काढायचा ते बोलतात.

औषधांवर बोलू द्या. नाही बोलू दिलं तर लोक जिन्यात उभं राहून बोलतील, ते जास्त धोक्याचं. फक्त रेघ एकच, गोळी वाढव, कमी कर, बंद कर असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. पण वजन वाढलं, तोंडाला कोरड पडते, सकाळी उठवत नाही, हे डॉक्टरांना कसं सांगायचं याची तयारी गटात मस्त होते. तुम्ही लिथियमवर आहात म्हणून सांगतो, आमच्याकडं दर मार्चमध्ये कुणीतरी आठवण करून देतंच की उन्हाळ्यात घाम जास्त, पाणी कमी झालं की लिथियमची पातळी चढते, निर्जळी उपास नको, अंगदुखीला दुकानातनं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आपल्या मनानं घ्यायची नाही, हात जास्त थरथरायला लागले, उलट्या झाल्या, तोल जायला लागला तर वाट न बघता दवाखान्यात. हे ओपीडीत सांगतात पण गर्दीत डोक्यात राहत नाही, गटात राहतं.

आणि बोलायची सक्ती नको. "पास" म्हणता आलं पाहिजे. आमच्यात एक जण कितीतरी महिने नुसता येऊन बसायचा, चहा प्यायचा, जायचा. आता गट तोच चालवतो.

शुभंकर_आई_नाशिक
वरच्या दादांचं सगळं पटलं, पण घरच्यांचं काय ते राहिलं. माझ्या मुलाला स्किझोअफेक्टिव्ह आहे, म्हणजे भास-भ्रम आणि मूडचे चढउतार दोन्ही. मी स्पष्ट सांगते, घरच्यांना बाहेर ठेवू नका. रात्री दोन वाजता जागं कोण असतं? गोळ्या कोण आणतं, नोकरी कोण सोडतं? आम्हालासुद्धा बोलायला जागा नाही, नातेवाईक तर येणंच बंद करतात. गटात आई-बाप, नवरा-बायको हवेतच.

सिंहगड_रोड
काकू, तुमचा त्रास खरा आहे आणि तुम्हाला जागा हवीच, त्यात वादच नाही. पण त्याच खोलीत, त्याच तासात नको. आई शेजारी बसली की मुलगा बोलत नाही, आणि मुलगा शेजारी बसला की आई रडत नाही, दोघंही एकमेकांना जपत बसतात आणि मनातलं तसंच घेऊन घरी जातात. माझ्या डोळ्यांसमोर एका मुलीनं "मला आता बरं वाटतंय" म्हटलं आणि तिच्या बाबांनी लगेच "नाही हो, परवाच हिनं ताट फेकलं" म्हणून सांगितलं, ती मुलगी परत आलीच नाही. शुभंकरांची बैठक वेगळी ठेवा, हवं तर त्याच दिवशी शेजारच्या खोलीत, आणि शेवटी चहाला सगळे एकत्र.

शुभंकर_आई_नाशिक
शेजारची खोली चालेल. पण ती खरंच ठेवा, "नंतर बघू" नको, कारण नंतर कुणी बघत नाही. आणि कृष्णाकाठ, शुभंकरांचा गटही शुभंकरांनीच चालवायचा, ते ओझं तू घेऊ नकोस बाळा.

फक्त_आज
मी कोल्हापूरचा, दारूतनं बाहेर आलेला, एएमध्ये म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये आहे, दारू सोडणाऱ्यांचे गट असतात ते. माझा विषय वेगळा वाटेल पण आपणच आपलं चालवायचं म्हणजे काय, याचा आमच्याकडं भरपूर जुना अनुभव आहे म्हणून लिहितो. १९३५ ला अमेरिकेत ॲक्रन गावात दोन दारुडे, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, एकमेकांशी बोलायला लागले तिथनं हे सुरू झालं, आणि आज आपल्याकडं तालुक्याच्या गावात, शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत मीटिंगा चालतात. मालक कुणी नाही. हे कसं टिकलं तर माझ्या मते दोन गोष्टींमुळं.

एक म्हणजे पैसा. आम्ही बाहेरची देणगी घेत नाही, मीटिंगमध्ये पिशवी फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकायचं, नसेल तर नाही, त्यातनं भाडं आणि चहा. आमदारानं खुर्च्या दिल्या, औषध कंपनीनं बॅनर दिला असलं काही घेतलं की हळूहळू गट त्यांचा होतो. तुम्हाला रजिस्ट्रेशन, खातं, शिक्का काही लागत नाही सुरुवातीला, दहाबारा माणसं एका खोलीत बोलतायत याला कुणाची परवानगी लागते?

दुसरं, खुर्ची फिरती ठेवा. आज मी मीटिंग घेतली, पुढच्या वेळी दुसरा. एका मोठ्या आधारगटाचं मी जवळनं बघितलंय, सगळं एकाच बाईंवर, फोन त्यांच्याकडं, चावी त्यांच्याकडं, रडणारे सगळे त्यांच्याच गळ्यात, त्या स्वतः आजारी पडल्या आणि गट एका महिन्यात बंद. म्हणून पहिल्या मीटिंगपासूनच चावी एकाकडं, चहा दुसऱ्याकडं, मीटिंग घेणं तिसऱ्याकडं. आणि हे नुसतं तुमचं ओझं कमी करायला नाही हां. मला मीटिंगच्या आधी सतरंज्या घालायचं काम दिलं होतं, तेव्हा घरात मला कुणी दुकानाची चावी देत नव्हतं. कुणीतरी आपल्यावर काही सोपवलं यानं माणूस उभा राहतो.

नाव सांगायची सक्ती नको, आडनाव तर नकोच. खोलीतलं खोलीत राहिलं पाहिजे.

पीएसडब्ल्यू_विदर्भ
मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांसाठी काम करणारा समाजसेवक, सरकारी नोकरीत. मुद्दाम लिहितोय कारण "मला जगायचं नाही" वाल्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पहिलं, असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नका, "असं बोलू नये" म्हणू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का, काही ठरवलंय का, जवळ काही आणून ठेवलंय का. असं विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो हा गैरसमज आहे, उलट माणसाला हायसं वाटतं. ठरवलंय, साधन जवळ आहे असं म्हणाला तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, अजिबात नाही, गटातल्या दोघांनी बरोबर थांबायचं, घरच्यांना फोन, आणि सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला न्यायचं. खेड्यात घरात फवारणीचं औषध असतं, ते घरच्यांना सांगून कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला लावायचं, याचा खूप उपयोग होतो. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमात असंच धरलंय की प्रयत्न करणारा प्रचंड ताणाखाली होता, त्याच्यावर खटला भरायचा नाही.

म्हणजे गुप्ततेला हा एवढा एक अपवाद, आणि तो पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगून टाकायचा, की जीवाचा प्रश्न आला तर आम्ही घरी कळवणार. आधी सांगितलेलं असलं की विश्वास तुटत नाही.

जागेबद्दल माझं मत, सिव्हिलमधली खोली मागून बघा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तिथं असते, ते नवीन माणसंही पाठवतील.

अजून एक काम गटात करता येईल जे एकट्यानं होत नाही. याच कायद्यानुसार बरं असताना लिहून ठेवता येतं की पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीनं निर्णयाला कोण मदत करेल. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही, बाकी वेळी डॉक्टरांना ते विचारात घ्यावं लागतं. एक अख्खी बैठक यावर ठेवा, प्रत्येकानं आपली सुरुवातीची लक्षणं लिहायची, झोप कमी होते का, खर्च वाढतो का, फोन उचलणं बंद होतं का. हे दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय आठवत नाही.

सिंहगड_रोड
सर, बाकी सगळं मान्य, पण हॉस्पिटलची खोली नको. तिथं गेलं की आपण पेशंटच. आणि ज्याला आधी कधी भरती केलंय त्याला त्या कॉरिडॉरच्या वासानंसुद्धा धडकी भरते. वाचनालय, शाळा, समाजमंदिर, कुठंही चालेल. सिव्हिलमध्ये फक्त कागद लावा.

पीएसडब्ल्यू_विदर्भ
बरोबर आहे, तुम्ही आतनं बघताय, माझा आग्रह नाही. कागद लावायला तिथल्या सोशल वर्करला भेटा, आनंदानं लावतील.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं बाकावरच्या मंडळींना वाचून दाखवलं. ठरलंय असं की महिन्यातले दोन रविवार, दुपारी चार ते साडेपाच, एका वाचनालयाचा वरचा हॉल मिळतोय, भाडं किरकोळ आहे, पिशवी फिरवू. पहिली मीटिंग मी घेणार, दुसरी ओसीडीवाला मित्र, त्यानं चावीही मागून घेतली. शेजारची खोली घरच्यांना, माझी वहिनी म्हणाली ती बसेल. व्हॉट्सॲप ग्रुप करावा का यावर मात्र आमच्यात एकमत होत नाहीये.

शुभंकर_आई_नाशिक
करा पण मीटिंगची वेळ कळवण्यापुरताच, ॲडमिन सोडून कुणाला लिहिता येणार नाही असं सेटिंग ठेवा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात हे आधी सांगून, विचारूनच ॲड करायचं. आमच्याकडं रात्री तीनला कुणी काहीतरी निराशेचं लिहायचं आणि सकाळपर्यंत सगळे घाबरलेले, शिवाय स्क्रीनशॉट बाहेर जायची भीती. रात्रीसाठी प्रत्येकानं दोन माणसं ठरवायची ज्यांना फोन केलेला चालेल, त्यांना आधी विचारून.

वारणेचा_वाघ
मी इस्लामपूरचा, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, इथं फक्त वाचत होतो. रविवारी दुकान असतं पण चारपर्यंत येऊ शकतो. यायला कुणाची चिठ्ठी वगैरे लागते का?

कृष्णाकाठ
काही लागत नाही दादा, फाईल पण आणू नका. मेसेज करते, पत्ता पाठवते. बसस्टँडवरनं शेअर रिक्षा मिळते.