साक्ष देऊन घरी आल्यावर : मराठी ख्रिस्ती घरांतले अनुभव

साक्ष म्हणजे चर्चमध्ये उभं राहून आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं. तिचं एक ठरलेलं वळण असतं. आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता मी असा आहे. सगळे आमेन म्हणतात आणि माणूस जागेवर जाऊन बसतो. मला त्याच्या पुढचं ऐकायचंय. घरी गेल्यावर बायको काय म्हणाली, भावकीने काय केलं, पोरांच्या दाखल्यावर काय लिहिलं गेलं? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि मग स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. मला ती मधली वर्षं जास्त मोलाची वाटतात. चमत्कार असतील तर सांगाच, पण आधी घरातलं सांगा. नाव-गाव नाही दिलंत तरी चालेल.

धाकटी सून

मी हिंदू घरातली. लग्न रजिस्टर, १९५४च्या विशेष विवाह कायद्याने, तीस दिवसांची नोटीस लावून. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एकच जण ख्रिस्ती असला तरी चर्चमध्ये लग्न लागू शकतं, पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तसं सुचवलंही होतं. मीच नको म्हटलं. बाबांना तेवढं झेपलं नसतं. तसंही ते आले नाहीतच.

सासरी रात्री जेवणाआधी सगळे प्रार्थनेला बसतात. पहिल्या आठवड्यात मी भिंतीला टेकून नुसती बघत होते. सासूबाई डोळे मिटून एकेकाचं नाव घेत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "प्रभू, हिच्या आईच्या गुडघ्यांना आराम दे." माझी आई तेव्हा त्यांच्याशी एक अक्षर बोलत नव्हती. गुडघ्यांचं मी नवऱ्याला कधीतरी सांगितलं असेन, त्याने घरी सांगितलं असणार. पुढे दोन-तीन वर्षं ते गुडघे रोज प्रार्थनेत होते.

मला धर्माबद्दल कोणी एका शब्दाने विचारलं नाही. बाप्तिस्मा मी घेतला, पण मुलं शाळेत जायला लागल्यावर. सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "आईच्या कानावर घातलंस का?"

मास्तरांचा मुलगा

आजोबा महारवाड्यातले, मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झालेले. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती माणूस आजही बाहेर आहे. गावाने मात्र आमची जात कधी पुसली नाही. पाणी वरूनच ओतायचे.

माझं नाव शाळेत घालताना कारकून भल्या मनाने म्हणाले, "मास्तर, हिंदू लिहितो, पोराचं कल्याण होईल." वडिलांनी रजिस्टर आपल्याकडे फिरवून घेतलं आणि धर्माच्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'ख्रिश्चन' लिहिलं. ते टपोरं अक्षर मी पुढे दाखला काढताना पाहिलं. बारावीनंतर मला हवी ती जागा थोडक्यात हुकली आणि माझ्याच आळीतला, माझ्यापेक्षा कमी मार्कांचा मित्र आत गेला, तेव्हा मी वडिलांशी कडाकडा भांडलो. ते एवढंच म्हणाले, "रविवारी मी पोरांना दहा आज्ञा शिकवतो रे."

मला ते पूर्ण पटलेलं नाही, आजही नाही. अन्याय कायद्याचा, आणि सचोटीची किंमत मोजायची आम्ही? माझ्या मुलाच्या वेळी मीही तोच शब्द लिहिला. पण रागाने.

खिळेवाली

आमच्या घराण्याची वंशावळ पणजीपासून सुरू होते. तिच्या आधीच्या पिढीतलं एकही नाव नाही. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, त्यातली ती एक. आईबापाचं नाव तिला सांगता आलं नाही, एवढी लहान होती.

ती पुढे तिथल्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला लागली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बायाबापड्यांना कळेल असं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि संपूर्ण पुस्तक १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. आजी सांगायची, पणजीला उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा भरभर वाचता यायची. बायबलातल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकातल्या वंशावळी जुळवताना 'अमुक अमक्याला झाला, तमुक तमक्याला झाला' असं पुटपुटत असायची म्हणे. आपल्या बापाचं नाव माहीत नसलेली बाई दुसऱ्यांच्या पिढ्या जुळवत होती, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

लोक वारसा म्हणून घर-जमीन मोजतात. आमच्याकडे तिच्यापासून आजवर घरातली एकही मुलगी न शिकता राहिलेली नाही. बाकी दागिना म्हणाल तर शून्य.

वाडीवाला, वसई

आमच्या कॅथलिकांत उभं राहून साक्ष वगैरे द्यायची पद्धत नाही, म्हणून थोडक्यात. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेलेले संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे, ते लहानपणापासून ऐकत आलो. पण मला धैर्य दिसलं ते आजोबांत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर दिब्रिटो 'हरित वसई' चळवळीसाठी लोकांना रस्त्यावर उतरवत होते. दहशतीचे दिवस होते, पाणी आणि जमिनी दोन्ही चालल्या होत्या. आजोबा भाजी पिकवणारे, पोलीस दिसला तरी रस्ता बदलणारे. ते चर्चमधली सकाळची मिस्सा (उपासना) आटोपून तसेच मोर्चात गेले. आजी दिवसभर दारात उभी. आल्यावर तिने कादोडीत, आमच्या घरच्या बोलीत, जी बोलणी घातली ती इथे लिहिता येणार नाहीत.

पेटी

पाळकाचा मुलगा. विश्वास आहे की नाही, मला नक्की सांगता येत नाही. उपासनेला जात नाही, पण अंत्यविधीला बोलावलं की पेटी घेऊन जातो, कारण टिळकांची भजनं ऑर्गनवर मार खातात. (वाद घालू नका, दोन्ही वाजवून पाहिलंय.) वडिलांना माझं हे अर्धवट येणं खुपत असणार. कधी बोलले नाहीत. कुठे जायचं असलं की आदल्या रात्री पेटीचा भाता मात्र स्वतः पुसून ठेवतात.

दोन नावांचा

मास्तरांच्या मुलाचं वाचून लिहितोय. आमच्या अण्णांनी नेमकं उलटं केलं. कागदावर जुनं नाव, जुना धर्म. चर्चच्या मंडळीत वेगळं नाव. नोकरी लागली, आम्ही तिघं शिकलो. चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी असतो, प्रभुभोजन; अण्णा त्याला कधी पुढे गेले नाहीत. मागच्या बाकावर बसायचे आणि भाकरीचं ताट जवळ आलं की उठून बाहेर जायचे. आम्हाला वाटायचं, तंबाखू खायला जातात.

मागच्या वर्षी गेले. आता थडग्यावर कुठलं नाव घालायचं यावर घरात एकमत नाही. आई म्हणते मंडळीतलं. थोरला म्हणतो, ज्या नावाने त्यांनी आयुष्यभर पगार आणला तेही घाला, लाज कसली? पाळकसाहेब म्हणाले, दोन्ही घालायला हरकत नाही. दगडवाला दर पंधरा दिवसांनी फोन करतो.