मदत हवी आहे: सांगोल्याच्या वस्तीवर सॅटेलाइट इंटरनेट

नमस्कार मंडळी. सांगोल्याजवळ आमची डाळिंबाची बाग आहे आणि घर बागेतच, वस्तीवर. गावात फायबर आलंय, पण इथवर केबल ओढायला कुणी तयार नाही. मोबाइलला रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढायचं. पुतणीचे क्लास आणि ठिबकचं ऑटोमेशन, दोन्ही अडलंय.

जुन्या व्हीसॅटचा (एकाच दूरच्या उपग्रहाकडे डिश रोखून मिळणाऱ्या इंटरनेटचा) विचार सोडून दिला. तो उपग्रह जवळपास 36,000 किलोमीटरवर, उत्तर यायला अर्धा सेकंद जातो. व्हिडिओ कॉलवर दोघं एकदमच बोलायला लागतात. नव्या सॅटेलाइट इंटरनेट कंपन्यांपैकी स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर, वनवेबचे 1,200 वर (त्यातले 72 आपल्या इस्रोनेच 2022-23 मध्ये सोडले, बरं का). इतक्या खालून फिरणारा उपग्रह काही मिनिटांतच नजरेआड होतो, म्हणून उपग्रहांचा मोठा ताफा लागतो. स्टारलिंकला 2025 मध्ये भारतात परवाना मिळाल्यापासून माझे कान तिकडेच आहेत.

आता अडचण घराची. माळवद मातीचं, त्यात डिशचा खांब रोवला की पावसाळ्यात गळती ठरलेली. शेजारच्या पत्र्याच्या शेडवर डिश बसवावी तर उत्तरेला मोठा कडुलिंब, आणि तो तोडायला आई देणार नाही. डिशला आकाश किती मोकळं लागतं? मे महिन्यात पत्रा नुसता भाजतो, तिथे ती टिकेल का? लाइट गेल्यावर घरगुती इन्व्हर्टरवर रात्रभर चालते का?

परदेशात कुणाचे नातेवाईक वापरत असतील तर त्यांना विचारून सांगा. महिन्याला किती पडतं तेही कळवा; चार वस्त्या मिळून एकच कनेक्शन घ्यायचा विचार आहे, नियमात बसतं का?